पहिली कुस्ती आणि घरचीं माणसें

कोल्हापुरांत मुलाला तालमींत घालणें ही नवलाची गोष्ट नाहीं. ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पठण, शिक्षकी किंवा वकिली चालत आली, त्या घरांतील मुलेंही पहाटे गंगावेश किंवा मोतीबाग तालमीची वाट धरतात आणि जोर-बैठका काढून शाळेच्या वेळेपर्यंत घरीं परततात. शरीर सुधारावें, भूक लागावी, वाईट संगतीला वेळच उरूं नये, एवढाच घरच्यांचा हेतु असतो. मग एक दिवस वस्तादांचा निरोप येतो कीं, "यंदा याला स्पर्धेंत उतरवूं." त्या निरोपानें घराचें स्वास्थ्य जातें. आई नवस बोलते, आजोबा पंचांग काढतात, आणि ज्याला लढावयाचें तो मुलगा पानावर बसून भात चिवडीत राहतो.

या वेळीं याच विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. डाव शिकविण्याचा अधिकार आमचा नव्हे; तो वस्तादांचा. परंतु शाळेंत आयुष्य गेल्यामुळें मुलांच्या परीक्षा, त्यांचीं पहिलीं भाषणें आणि मैदानावरचे पहिले सामने आम्हीं जवळून पाहिले आहेत. त्यावरून एक गोष्ट निश्चित सांगतां येते. पहिल्या कुस्तींत मुलाचें लक्ष उडविणारी सर्वांत मोठी शक्ति बहुधा त्याच्या घरचीच असते. आणि त्याला आधार देणारीही तीच होऊं शकते.

प्रथम भीतीचें स्वरूप नीट ओळखूं. कुस्ती पुकारली जाण्याच्या आधीं मुलाची छाती धडधडते, तोंड कोरडें पडतें, तळहातांस घाम सुटतो, पोटांत गोळा उठतो, आणि घडोघडी लघवीस जावेंसें वाटतें. मुलगा समजतो, आपण भित्रे आहों. वस्तुतः यांत भित्रेपणाचा कांहीं संबंध नाहीं. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथि आहेत. संकट किंवा झुंज समोर दिसतांच त्या अॅड्रिनलीन नांवाचा रस रक्तांत सोडतात. त्यानें हृदयाची गति वाढते, पचनाचें काम मंदावतें आणि रक्ताचा ओघ हातापायांच्या स्नायूंकडे वळतो. शरीर ही तयारी पळून जाण्यासाठीं जशी करतें, तशीच लढण्यासाठींही करतें. दोन्ही तयाऱ्या एकच आहेत.

आपल्याकडे हें फार पूर्वींच टिपून ठेविलेलें आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांपैकीं घाम, कंप आणि अंगावरील शहारे यांचीं कारणें देतांना भरतमुनि भयाबरोबर हर्षाचेंही नांव घेतात. भयानक रसाचा स्थायी भाव भय, आणि वीररसाचा स्थायी भाव उत्साह. आंतला भाव निराळा. बाहेर अंग कांपतें व घामेजतें तें मात्र सारखेंच. तेव्हां थरथरणाऱ्या मुलाकडे पाहून तो भयानकाच्या वाटेवर आहे कीं वीराच्या, हें केवळ थरथरीवरून ठरत नाहीं.

अलीकडच्या मानसशास्त्रानेंही हीच दिशा दाखविली आहे. हार्वर्ड विद्यापीठांतील अॅलिसन वूड ब्रूक्स यांनीं २०१४ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण करण्यापूर्वीं किंवा गणितें सोडविण्यापूर्वीं कांहीं जणांना शांत राहण्याची सूचना दिली होती, आणि कांहींना आपणांस उत्साह आला आहे असें मानण्याची. उत्साहाची सूचना मिळालेल्यांचें काम अधिक चांगलें उतरलें. विचार केला तर हें पटण्यासारखें आहे. धडधडणारी छाती हुकुमानें थांबत नाहीं. तिला नांव कोणतें द्यावयाचें, एवढें मात्र आपल्या हातीं असतें.

म्हणून "घाबरूं नकोस" हें वाक्य त्या आठवड्यापुरतें तरी घरांतून वर्ज्य करावें. तें ऐकतांच मुलाला कळतें कीं, येथें घाबरण्यासारखें कांहीं तरी आहे, आणि तें सर्वांच्या लक्षांत आलें आहे. त्यानें आपण होऊन सांगितलें कीं छाती धडधडते, तर "धडधडणारच, अंग लढण्याला तयार होतें आहे," एवढेंच म्हणावें व आपल्या कामाला लागावें. उत्साहही अनावर झाला म्हणजे पहिल्या मिनिटांतच सारी ताकद खर्च होते. त्यासाठीं आंत घेतलेला श्वास सावकाश, घेतल्याहून अधिक वेळ लावून, बाहेर सोडण्याची संवय मुलाला आधींपासून लावावी. प्राणायाम ज्या घरांत रोज चालतो, तेथें ही गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं.

आतां लक्ष उडविणाऱ्या गोष्टींकडे वळूं. राजर्षि शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबागचें मैदान १९१२ सालीं पुरें झालें. मधोमध लाल मातीचा हौदा, आणि त्याच्या भोंवतीं चढत गेलेली प्रेक्षकांची बैठक. कोणीही कोठेंही बसला तरी त्याला कुस्ती दिसावी, अशी ही रचना आहे. पण जो हौद्यांत उभा राहतो, त्याला जिकडे पाहावें तिकडे माणसेंच दिसतात. हलगी कडाडत असते, निवेदक गर्जत असतो, कोणी इनाम पुकारतो, कोणी दुसऱ्या तालमीचें नांव घेऊन आरोळी ठोकतो. गांवच्या यात्रेंत लहान मुलांच्या नारळावरच्या किंवा रेवड्यांच्या कुस्त्या होतात, तेथें गर्दी कमी, पण प्रकार हाच. गादीवरच्या शालेय स्पर्धेंत शिट्टी, घड्याळ, गुणफलक आणि शेजारच्या गादीवर चाललेली भलतीच कुस्ती. मुलाचें मन यांतल्या प्रत्येक गोष्टीकडे एकेकदां धांवतें.

यावर कांहीं साधे उपाय आहेत. मैदान आदल्या दिवशीं रिकामें असतांना मुलाला दाखवून आणावें. त्या जागेचें नवेपण तेथेंच अर्धें संपतें. त्या दिवशीं नवें कांहीं करूं नये : नवा खुराक नको, नवा लंगोट नको, आणि कालच पाहिलेला नवा डाव तर मुळींच नको. गादीवरच्या स्पर्धेंत वजनाचे गट असतात. खालच्या गटांत बसविण्यासाठीं वाढत्या वयाच्या मुलाचें अन्नपाणी तोडणें हें सरळ सरळ अपायकारक आहे. तो ज्या वजनाचा आहे त्याच वजनांत त्यानें लढावें. कुस्त्या ठरल्या वेळीं लागत नाहींत, दोन-दोन तास उशीर होतो. तेवढा वेळ प्रतिस्पर्ध्याकडे टक लावून बसल्यास तो क्षणोक्षणीं मोठा होत जातो. "त्यानें गेल्या वर्षीं अमक्याला पाडलें" हें सांगणारा हितचिंतकही हमखास भेटतो. मुलाला सोबत एकाच शांत माणसाची असावी. अंग गार पडूं न देणें, मधून मधून घोटभर पाणी पिणें, आणि आपली पहिली पकड कोणती हें आठवणें, एवढेंच त्या वेळचें काम.

हौद्यांत उतरल्यावर मनाला एक ठराविक क्रम द्यावा. माती कपाळीं लावावी, वस्तादांकडे एकदां पाहावें, श्वास सोडावा, सलामी द्यावी, आणि मग नजर समोरच्याच्या छातीकमरेवर ठेवावी. जिंकावयाचें कीं हरावयाचें, हा विचार त्या क्षणीं कोणाच्याच कामाचा नसतो; पहिली पकड हें मात्र करण्यासारखें काम असतें. मन रिकामें सोडलें तर तें गर्दींत शिरतें. त्याला काम दिलें तर तें कामावर राहतें. आणि कान एकालाच द्यावा : वस्तादांना.

या शेवटच्या गोष्टीविषयीं एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. आमच्या परिचयाच्या एका घरांतील तेरा वर्षांचा मुलगा, अंगानें चपळ, तालमींत दोन वर्षें घालविलेला. त्याच्या पहिल्या स्पर्धेस घरचीं चवदा माणसें डबे घेऊन गेलीं. कुस्ती लागतांच थोरले काका "पट काढ" म्हणून ओरडूं लागले. आतेभाऊ "मागें सर" म्हणूं लागला. आणि आजीनें केवळ मायेनें त्याला घरच्या लाडक्या नांवानें हांक मारिली. मुलानें हांकेच्या दिशेनें मान वळविली. समोरच्याला तेवढा क्षण पुरला. परततांना सर्वांनीं त्याची समजूत घातली, म्हणजे प्रत्येकानें त्याची एक एक चूक सांगितली. दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या पोटांत दुखूं लागलें, आणि तें फक्त पहाटेच दुखे. तीन आठवडे तो तालमीकडे फिरकला नाहीं.

अखेर वस्ताद स्वतः घरीं आले. मुलाला त्यांनीं कांहींच विचारलें नाहीं. ओसरीवर बसून वडीलधाऱ्यांना म्हणाले, "पोराची पाठ मातीला लागली, त्यांत काय विशेष? माझीही लागली होती. पण तुम्ही सगळ्यांनीं मिळून त्याचे कान धरून ठेवलेत, ते आधीं सोडा." पुढल्या वर्षीं एकटे धाकटे काका बरोबर गेले व लांब जाऊन बसले. मुलगा त्या वर्षींही हरला; परंतु पुरा वेळ लढून, गुणांवर. घरीं आल्यावर त्यानें आपण होऊन आजीला सांगितलें कीं, समोरच्याचा डाव दुसऱ्यांदा त्याला आधींच ओळखूं आला होता. आज तो कॉलेजांत आहे आणि पहाटे तालमींत जातो.

मोठ्या मल्लांच्याही पहिल्या पायरीची हकीकत पाहण्यासारखी आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापुरांत राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते. १९४८ सालीं ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां त्यांचा सारा सराव मातीवरचा. तेथील गादी नवी, नियम नवे, भाषा परकी. त्यांचा क्रमांक सहावा आला. त्या पहिल्या खेपेंत जें पाहिलें व शिकलें, तें घेऊन चार वर्षांनीं ते हेलसिंकीस गेले आणि १९५२ सालीं त्यांनीं कांस्यपदक आणिलें. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. पहिल्या स्पर्धेचें खरें फळ बहुधा दुसरींत हातीं येतें. त्या दुसऱ्या प्रवासासाठीं पैसे कमी पडत होते, तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेविलें. वडीलधाऱ्यांनीं काय करावें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. डाव सांगण्याचें काम त्यांचें नव्हतें. मुलगा तेथवर पोंचावा, हें काम त्यांनीं आपलें मानलें.

कांहीं मुलांच्या बाबतींत "यंदा नको" हेंच उत्तर योग्य असतें. स्पर्धेच्या नांवानें कित्येक दिवस झोप उडत असेल, अन्न जात नसेल, किंवा दुखापत लपविली जात असेल, तर वस्तादांस मोकळेपणानें सांगावें. यांत नामुष्की नाहीं. मल्लखांबाचे जनक बाळंभटदादा देवधर यांची कथा या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारांत परप्रांतींच्या मल्लांनीं आव्हान दिलें, तेव्हां दादांनीं तें स्वीकारलें, पण तयारीसाठीं मुदत मागून घेतली, असें परंपरा सांगते. मुदत मागणारा भित्रा ठरला नाहीं. मुदत संपल्यावर तो मैदानांत उभा राहिला, हें लोकांच्या स्मरणांत राहिलें.

आतां मुलीही कुस्ती खेळूं लागल्या आहेत. २००४ सालापासून स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्यें आहे. तेव्हां नातू म्हणून जें लिहिलें, तें नातीलाही लागू समजावें. तिच्या बाबतींत फोटो काढणाऱ्यांची आणि सल्ला देणाऱ्यांची गर्दी घरांत दुप्पट असते, म्हणून सावधगिरीही दुप्पट हवी.

शेवटीं निकालाच्या संध्याकाळविषयीं. मूल दारांत आलें कीं "जिंकलास का?" हा पहिला प्रश्न नसावा. तें उत्तर त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलें असतें. पाय धुवावयास पाणी द्यावें, ऊन ऊन वरणभात वाढावा, आणि कोठें मुका मार लागला असेल तर तेवढें पाहावें. जिंकून आलें असेल तर शेजाऱ्यांस बोलावून त्याची मिरवणूक काढूं नये, कारण पुढल्या कुस्तीला तेंच ओझें मानेवर बसतें. हरून आलें असेल तर त्या रात्रीं कोणीही डावाची चर्चा करूं नये. एक-दोन दिवसांनीं तें स्वतःच बोलावयास लागेल. त्या वेळीं हातांतलें काम बाजूला ठेवून ऐकावें. आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्याला नेहमींच्याच वेळीं, नेहमींच्याच शब्दांत उठवावें. तें उठून तालमीला गेलें, तर पहिली स्पर्धा चांगली झाली असें समजण्यास हरकत नाहीं.