शाळा अंगणात आली तेव्हा

युरोपचे प्रबोधन म्हटले की लिओनार्दोची चित्रे आणि गॅलिलिओची दुर्बीण आठवते. इब्न सीना यांचा वैद्यकग्रंथही लॅटिनमध्ये जाऊन तिथल्या विद्यापीठांत कित्येक पिढ्या शिकवला गेला. पण छपाई आली, लोकांच्या बोलीत पुस्तके निघू लागली, तेव्हा विद्या मूठभरांच्या हातून सुटली.

असेच एक प्रबोधन आपल्या डहाणू तालुक्यात घडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे, कुणाला गुरे चारायची. मुलांना दोष न देता या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुराख्यांसाठी कुरणात नेली. शिंपले, बिया, पाने हीच साधने. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच कामातून रुजला.

आपल्याही घरांत धाकट्यांना सांभाळायला थोरल्या मुलीचीच शाळा बुडते. इल्मचा हक्क तिचाही आहे. आज जेवताना तिला एवढेच विचारा, “बेटी, आज काय शिकलीस?”