कुलूपबंद घरांचा विषय

बारावीचा निकाल लागला की जालन्यातल्या कॉलेजांच्या प्रवेशखिडकीपाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, पोरगी समाजशास्त्र घ्यायचं म्हणतीय. पुढं काही लागंल का तिला?" आतलं उत्तरही ठरलेलं असतं: "घेऊ द्या, सोपा विषय आहे. स्पर्धा परीक्षेला कामी येतो." बापाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आधी रोकडा हिशेब मांडू. दहावीपर्यंतच्या शाळेत समाजशास्त्र हा विषयच नाही, त्यामुळे बीएड करून इतिहास-भूगोल शिकवावा लागतो. एमए करून नेट-सेट काढलं तरी अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरची नोकरी (सीएचबी) येते. तासाचे पैसे, सुटीत काहीच नाही. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेला एमएसडब्ल्यू लागतो. समाजशास्त्र आणि समाजकार्य वेगळं, हे कित्येकांना एमए झाल्यावर जाहिरात वाचताना कळतं. जिल्हा परिषदेच्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या पात्रतेत मात्र समाजशास्त्राचं नाव खास घातलेलं असतं. २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय परत आला, त्याचे दोन पेपर मिळून ५०० गुण. क्लासवाल्यांना हा विषय एकदम आवडू लागला आहे तो त्यामुळे. जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत. निव्वळ त्या भरवशावर पोरीची उमेदीची वर्षं लावू नयेत.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग राहू द्या. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण याच जिल्ह्यात आहे. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ला मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि गावाचं नाव देशभर गेलं. २०२४च्या जूनमध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण बसलं. दोन्ही मांडवांत भाषणं झाली ती मागासलेपणाची, जुन्या कुणबी नोंदींची, कोण कुणात मोडतं याची. कॉलेजात ज्याला सोपा विषय म्हणतात, तो इथं रस्त्यावर आला होता. त्याआधी ५ मे २०२१ला सर्वोच्च न्यायालयात मराठा आरक्षणाचा कायदा पडला, तेव्हाही मराठा समाजाचं मागासलेपण तपासणाऱ्या गायकवाड आयोगाच्या आकडेवारीवर आरक्षणाची मर्यादा ओलांडता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणून राज्य मागासवर्ग आयोगाने २३ जानेवारी २०२४पासून पुन्हा घरोघर सर्वेक्षण केलं. मोबाइल ॲप हातात घेऊन शिक्षक आणि सरकारी कर्मचारी दारोदार फिरले.

जानेवारीच्या अखेरीस अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याच्या वाड्या-तांड्यांवर जाऊन बघा. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी, तिच्याजवळ शाळेची दोन पोरं. जोडपं ऊसतोडीला गेलेलं, कारखान्याच्या फडावर, कोपीत. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि उचल घेतलेली नवऱ्याने. बाईचे श्रम हिशेबात आहेत, नाव नाही. प्रश्नावली घेऊन आलेले गुरुजी काय करणार? म्हातारीला विचारून रकाने भरणार, नाहीतर पुढच्या घरी जाणार. दोन्हींनी आकडा बिघडतो, आणि बिघडतो तो नेमका गरिबाचा. 'घरात निर्णय कोण घेतं' याचं उत्तर तर समोर सासू बसलीय, नवरा बसलाय की सून एकटी आहे, यावर फिरतं. गुरुजींचा यात दोष नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही. ज्यांनी शिकायला हवं, ती मुलं त्या वेळी गाइड पाठ करत होती.

जनगणनेत माणसं मोजण्याची फेरी फेब्रुवारी २०२७ला ठरली आहे, म्हणजे पुन्हा ऐन गाळपात. १९३१ नंतर प्रथमच सगळ्या जातींचे आकडे तीत यायचे आहेत.

दारोदार जाऊन नीट विचारण्या-मोजण्याचं हे कसब विकत घेणारे आहेत. बचतगटांचं 'उमेद', महिला आर्थिक विकास महामंडळ, पाणलोटाच्या संस्था, आरोग्याची पाहणी करणाऱ्या कंपन्या. कामं बहुतेक कंत्राटी, सुरुवातीचा पगार बेताचा, हे लपवण्यात अर्थ नाही. पण प्रश्नावली बांधता येणारी, नमुना कसा निवडायचा हे जाणणारी, एक्सेल चालवणारी आणि शुद्ध मराठीत अहवाल लिहिणारी मुलगी त्यांना सहजी मिळत नाही. (जोडीला मोडी किंवा उर्दू वाचायला शिकली तर उत्तमच. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाकडे होता. कुणबी नोंदींसाठी दप्तरं उघडली, तेव्हा वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली.)

मुळात हा विषय फिरून शिकायचाच. मुंबई विद्यापीठात १९१९मध्ये तो सुरू झाला तो पॅट्रिक गेडीस यांच्या हाताखाली. ते नगररचनाकार, शहरं पायी हिंडून अभ्यासणारे. आता नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत, आणि तो प्रकल्प बऱ्याच ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो.

माझं म्हणणं साधं आहे. बीएच्या मुलामुलींनी हंगामात एकच वाडी घ्यावी. किती घरं बंद, कुठल्या कारखान्याला गेली, कधी परतणार, मागे कोण राहिलं, पोरांची शाळा सुटली का, एवढंच लिहावं. त्याची एक प्रत तहसीलदारांना द्यावी, जनगणनेच्या गावयाद्या त्यांच्याच कचेरीतून जातात. दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवावी, मुलाखतीत "तू आजवर काय केलंस?" असं विचारलं की ती टेबलावर ठेवता येते.