काचा आपणच काढल्या

प्रारंभीच एक कबुली देतो. सुमारे सोळा वर्षांपूर्वी बुलढाणा जिल्ह्यातील एका जुन्या, लहानशा ख्रिस्तमंदिराची जबाबदारी माझ्याकडे होती. वेदीमागील पूर्वेच्या भिंतीत, उंचावर, रंगीत काचांची एक खिडकी होती. ती काही थोर कलाकृती नव्हती. शिशाच्या पट्ट्यांत बसविलेले लाल, निळे, पिवळे तुकडे आणि मधोमध एक क्रूस, एवढेच. पट्ट्या वाकल्या होत्या, पावसाळ्यात पाणी आत येई. धर्मग्राम समितीत विषय निघाला, दहा मिनिटांत संपला आणि त्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसली. जुन्या काचा भंगारात गेल्या. ठरावावर सही माझी होती. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका वृद्ध बाईने मला विचारले, "फादर, सकायी जमिनीवर पडे तो लाल उजेड कुठी गेला?" मी हसून विषय टाळला. ते न दिलेले उत्तर आज देण्याचा हा प्रयत्न आहे.

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार करावयाचा, की जीर्ण म्हणून त्याला घराबाहेर काढावयाचे? भिंतींना चकचकीत फरशा, छताला प्लास्टर ऑफ पॅरिसची नक्षी आणि खिडक्यांवर रंगीत काचेचा आभास निर्माण करणारा चिकट कागद, हा आपल्या काळातील जीर्णोद्धार! आपल्या वऱ्हाडच्या उन्हात तो कागद काही वर्षांतच विटतो. खऱ्या रंगीत काचेचा रंग वरून फासलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळतात. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने वा सोन्याने लाल. म्हणूनच युरोपात बाराव्या शतकातील काचा आजही तेजाने उजळतात. थकते ते शिसे. शंभरेक वर्षांनी पट्ट्या सैल होतात, खिडकीला बाक येतो. अशा वेळी तुकड्यांना क्रमांक देऊन ते उतरवावे, स्वच्छ करावे आणि नव्या पट्ट्यांत पुन्हा बसवावे, हाच त्यावरचा उपाय. आम्ही मात्र दोरा तुटला म्हणून मणी फेकून दिले.

खिडकी ही इमारतीची हौस नव्हे. गॉथिक वास्तूत टोकदार कमानी आणि बाहेरचे आधारस्तंभ छताचा भार पेलतात तो कशासाठी? भिंत मोकळी व्हावी आणि तिच्या जागी प्रकाश यावा यासाठी. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठाचे प्रमुख सुजेर यांनी बाराव्या शतकात आपले मंदिर याच श्रद्धेने उजळविले. तेव्हा खिडकी काढणे म्हणजे त्या वास्तूची प्रार्थनाच मध्ये तोडणे होय.

येथे तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, ही परकीय कला आहे, आपल्या मातीत तिचे काय काम? पण देवालयातील प्रकाशाचे मोल या मातीला कोणी शिकवावयास हवे काय? कोल्हापुरास अंबाबाईच्या मंदिरात मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोहोचतात तो किरणोत्सव पाहावयास किती लोक जमतात! गोव्याच्या जुन्या ख्रिस्तमंदिरांत तर कारागिरांनी काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे खिडक्यांत बसवून कोकणचे ऊन सौम्य केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात सांगितले की, ख्रिस्तसभेची स्वतःची अशी एकच कलाशैली नाही, सर्व लोकांच्या कलेला तिच्यात स्थान आहे. आणि त्याच ठिकाणी वारशाने आलेला ठेवा काळजीपूर्वक जपावा, असेही बजावले. नव्या खिडकीत पवित्र मरिया नऊवारीत अवश्य यावी. पण त्यासाठी जुनी खिडकी भंगारात का जावी?

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. हा पैसा गरिबांना का देऊ नये? बेथानीत मरियेने सुगंधी तेल ओतले तेव्हा हाच प्रश्न कोणी विचारला, ते योहानाच्या शुभवर्तमानात नोंदलेले आहे. गरिबांची चिंता असावी, ती नसेल तर आमची उपासना पोकळ आहे. परंतु फरशा, झुंबरे आणि कर्णे यांच्या खरेदीच्या वेळी हे गरीब आम्हांला का आठवत नाहीत? ज्या बाईने मला लाल उजेडाबद्दल विचारले, ती शेतमजुरी करणारी होती. तिच्या घरात सुंदर म्हणावे असे फारसे काही नव्हते. जे होते ते आठवड्यातून एकदा तिच्या पायांशी पडत होते. गरिबांच्या नावाने आम्ही एका गरिबाचेच धन काढून घेतले.

तिसरा आक्षेप, हे मोठ्या शहरांना परवडते, आपणांस नाही. मोठ्या शहराचेच उदाहरण घेऊ. मुंबईत भायखळ्याचे ग्लोरिया चर्च पाहा. हा धर्मग्राम १६३२ पासूनचा, मूळचा माझगावचा. आजची गॉथिक धाटणीची वास्तू १९१३ ची. तीही थकली होती. परंतु तिचे शास्त्रशुद्ध संवर्धन झाले आणि २०१९ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. तेवढा निधी आपल्याजवळ नाही, हे मान्य. पण तेथून जी पहिली गोष्ट घ्यावयाची तिला पैसा लागत नाही: हात लावण्यापूर्वी जाणकाराला विचारणे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेचे १२१६ वे कलमही बांधकाम आणि दुरुस्ती या दोहोंसाठी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावयास सांगते. हे कलम मी गुरुविद्यालयात शिकलो होतो आणि समितीच्या त्या दहा मिनिटांत विसरलो होतो.

म्हणून माझे धर्मगुरू बंधूंना आणि समित्यांच्या सभासदांना आग्रहाचे सांगणे आहे. जुनी खिडकी उतरविण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढा, मापे नोंदवा, महागुरुस्वामींची लेखी अनुमती घ्या. दुरुस्तीस आज पैसे नसतील तर काचा पेटीत भरून, क्रमांक घालून जपून ठेवा. पुढची पिढी कदाचित आपल्यापेक्षा शहाणी निघेल. १९३९ साली युद्धाच्या सावटात फ्रान्समधील शार्त्र येथील लोकांनी आपल्या कॅथेड्रलच्या काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या आणि शांतता आल्यावर पुन्हा बसविल्या. त्यांच्यावर बाँबचे संकट होते. आपल्यावर संकट आहे ते आपल्याच उत्साहाचे.

धर्मगुरूंची बदली होते, समित्या बदलतात. मंदिर भाविकांचे असते, त्यांच्या पूर्वजांचे आणि नातवंडांचेही. माझ्या सहीने गेलेला तो लाल उजेड मला परत आणता येणार नाही. तुमच्या मंदिरात तो अजून पडत असेल, तर येत्या रविवारी मिस्सानंतर क्षणभर थांबून पाहा, आणि समितीच्या पुढच्या बैठकीत त्याच्या बाजूने बोला.