जुनी गाडी ठेवायची की काढायची?

कापसाचे पैसे हातात आले की घरोघरी हाच विषय निघतो. शेंद्र्यात तर एमआयडीसीच्या रस्त्यावर रोज नव्या गाड्या दिसतात, मन चळतंच.

माझं मत असं, की गाडीचं वय नका बघू, चेसी बघा. क्लच प्लेट, बॅटरी, टायर झिजायचेच, बदलले की गाडी चालते. पण चेसी गंजली किंवा वाकली असेल, तर तिच्यावर रुपया घालू नका.

आता हप्त्याचा हिशोब. ५ लाखाचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं मुदत, म्हणजे महिन्याला साधारण १०,६०० रुपये. वर्षाचे सव्वा लाखाच्या वर गेले. दुरुस्ती वर्षाला ३०-४० हजारात भागत असेल तर जुनीच परवडते. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, आपलं पीक तसं येत नाही. हप्त्याला दुष्काळ कळत नाही.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात, असं काहीजण सांगतात. तो नियम दिल्लीकडचा. आपल्याकडं खासगी गाडी १५ वर्षांनी आरटीओत पुन्हा पासिंग केली की ५ वर्षं चालते. फी आणि पर्यावरण कर तेवढा हिशोबात धरा.

मात्र रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायच्या वेळी गाडी दगा देत असेल, तर हिशोब मांडत बसू नका, काढून टाका. माणूस महत्त्वाचा.

तुमच्या गाडीला वर्षाला किती खर्च येतो? खाली लिहा.