धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना



बारावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या वस्तीत दोन दिवस पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवसापासून धावपळ सुरू होते. सेतू केंद्र, तहसील, प्रांत कचेरी, जिल्ह्याची पडताळणी समिती! मुलीने वर्षभर दिव्याखाली बसून मिळविलेले गुण एका बाजूस राहतात आणि बापाच्या हातातील पिशवीत कोणते कागद आहेत, ह्यावर तिचे भवितव्य ठरू लागते. आपल्या मुलांचे प्रवेश पुष्कळदा गुणांवाचून अडत नाहीत, ते कागदांवाचून अडतात. आणि त्या कागदांवर आपणच आपल्या हाताने जे लिहिलेले असते, त्यामुळे अडतात. म्हणून आज महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जातील दोन लहानशा रकान्यांविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. एक रकाना धर्माचा, दुसरा जातीचा. त्यांत आपण काय लिहिता?

हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा आहे, असे म्हणून तो बाजूस सारू नका. प्रवेशाच्या अर्जाला आपल्या इतिहासात मोठे स्थान आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने काय उत्तर दिले? न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे हे सरकारने मान्य केले. परंतु एका मुलाकरिता शाळा इतर सर्वांना निरुपयोगी होऊ देता येत नाही, असे म्हणून त्यास दाराबाहेर ठेवले! न्याय तुझा, पण जागा त्यांची! बरोबर शंभर वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूरच्या भूमीवर आपल्याला धम्माची दीक्षा दिली. ह्या शंभर वर्षांत एका अर्जदाराचा समाज झाला आणि त्या समाजाने न्याय मागण्याऐवजी हक्क सांगावयास आरंभ केला.

खुद्द बाबासाहेबांची वाट तरी कोठे मोकळी होती? संस्कृत शिकण्याची इच्छा असता शाळेत त्यांस ती भाषा घेऊ दिली नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. तरीही १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या काळी मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. ज्या पुरुषाने ते दार एकट्याने ओलांडले, त्याने पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडून आणि १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढून दुसऱ्यांसाठी दारे उभारली. मद्रास सरकारने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागांची जातवार वाटणी केली होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, तेव्हा त्याच वर्षी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घालण्यात आले. त्या वेळी देशाचे कायदेमंत्री बाबासाहेब होते. राखीव जागा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ती घटनेच्या अक्षरांत लिहिलेली वस्तू आहे.

आता ज्या गोष्टीमुळे आपल्या घराघरांत भीती शिरली, ती ऐका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली. पण त्यातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्या माणसास, काही शीख जातींचा अपवाद सोडता, त्या यादीतून वगळले. १९५६ साली सर्व शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी आपण बौद्ध झालो, आणि ज्या दिवशी झालो त्या दिवशी केंद्र सरकारच्या दृष्टीने आपण अनुसूचित जातीचे उरलो नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती बौद्धांस लागू केल्या. परंतु केंद्राच्या अखत्यारीतील राखीव जागांचे दार बंदच राहिले. ते १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह ह्यांच्या सरकारच्या काळात कायद्याने दुरुस्ती होऊन, हिंदू व शीख ह्यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द त्या परिच्छेदात आला तेव्हा उघडले.

दीक्षेपासून त्या दुरुस्तीपर्यंत चौतीस वर्षे लोटली. ह्या चौतीस वर्षांत कित्येक बापांनी दीक्षाभूमीवर हात जोडून बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि जूनमध्ये शाळेच्या रजिस्टरात मुलाचा धर्म हिंदू लिहिला. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्यांच्यापुढे पोराचे शिक्षण की स्वतःचा शब्द, असा क्रूर सौदा सरकारने मांडला होता. पण आज तो सौदा कोठे आहे? १९९० साली तो संपला. तरी अजूनही एखादा कारकून खिडकीतून सांगतो, "हिंदू लिहा, नाहीतर सवलत जाईल," आणि पदवीधर बाप मान डोलावतो! बंधूंनो, कायदा बदलला, पण आपली भीती बदलली नाही. ज्या भयाला आता कायद्याचा आधार उरलेला नाही, ते भय बाळगणे ह्याला सावधगिरी म्हणत नाहीत. ह्याला जुन्या जोखडाची सवय म्हणतात.

धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा. राज्याच्या जागेसाठीही लिहा, केंद्राच्या जागेसाठीही लिहा. ह्या एका शब्दाने आपली राखीव जागा जात नाही. २०११ च्या जनगणनेत देशात चौऱ्याऐंशी लाखांवर बौद्ध मोजले गेले आणि त्यांतील पासष्ट लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. शाळेच्या अर्जात लागलेली सवय मोजणीच्या वेळीही सुटत नाही. आपली संख्या दुसऱ्याच्या खात्यावर आपणच मांडावयाची आणि मग आपली दखल घेतली जात नाही म्हणून सभा घ्यावयाच्या, हा कोणता न्याय?

ही झाली भीतीने होणारी चूक. दुसरी चूक अभिमानाने होते आणि ती अधिक नुकसान करते. जातीच्या रकान्यात काही कुटुंबे 'बौद्ध' असे लिहितात. हेतू किती शुद्ध! आम्ही जात सोडली, मग ती लिहू कशाला? परंतु विचार करा. बौद्ध ही जात आहे काय? ज्या तथागताच्या संघात नद्या सागरास मिळाव्यात तशी कुळे मिळून गेली, त्याच्या धम्माला आपण जातीच्या रकान्यात नेऊन बसविले, तर हिंदू समाजाच्या हजारो जातींत आणखी एका जातीची भर आपणच घातली असे होईल. धम्माचा ह्याहून मोठा अवमान कोणता?

आणि कायद्याच्या दृष्टीने पाहाल तर अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म पाळणाऱ्याला यादीत राहता येते. पण यादीत नाव आहे ते महार, मांग, चांभार अशा मूळ जातीचे. ज्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' लिहिले आहे आणि मूळ जात लिहिलेली नाही, तो केंद्राच्या संस्थेत कामाचा ठरत नाही. (हा 'नवबौद्ध' शब्द तरी सरकार किती दिवस चालविणार? १९५६ साली जन्मलेले मूल आज आजोबा झाले, तरी दप्तरात तो नवाच!) केंद्राच्या संस्थांसाठी दाखल्याचा नमुना निराळा असतो, तो वेगळा मागून घ्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवा. तेथे अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत; महाराष्ट्रात अनुसूचित जाती व त्यांतून धर्मांतरित झालेले बौद्ध ह्यांस मिळून १३ टक्के आहेत. एका चुकीच्या शब्दाने ही दोन्ही दारे मुलावर लोटली जातात.

जी कुटुंबे अलीकडे धम्मात आली, त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट सांगतो. मातंग, चर्मकार वा यादीतील अन्य जातीतून आपण आला असाल, तर दीक्षेने आपला घटनात्मक हक्क कमी झालेला नाही. तसे सांगून कोणी भेडसावीत असेल तर त्यास १९९० ची दुरुस्ती दाखवा. अनुसूचित जमातींच्या यादीला तर धर्माची अट मुळीच नाही. मात्र ज्यांची मूळ जात अनुसूचित जातींच्या यादीत नाही, ते बौद्ध झाल्याने त्या यादीत येत नाहीत. धम्म हा दाखला मिळविण्याचा मार्ग नव्हे. त्या भावनेने येणाऱ्यास विहाराच्या दारातच हे सांगितलेले बरे.

आता आपल्या विरोधकांकडे वळू. ते म्हणतात, "तुम्ही धर्म सोडला, जात नाकारली, मग जातीची सवलत कशी मागता?" ह्या गृहस्थांना आम्ही विचारतो, आम्ही जात सोडली, पण जातीने आम्हांस सोडले काय? दीक्षा घेतली त्या दिवशी गावकुसाबाहेरचे घर गावात आले काय? बापाच्या नावावर जमीन चढली काय? पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेले शिक्षण एका रात्रीत भरून निघाले काय? धर्म बदलण्याने माणसाचे मन मोकळे होते. शेजाऱ्याचे होत नाही. शिवाय ही सवलत प्रवेशाच्या दारापुरती आहे. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशास खुल्या वर्गाला बारावीच्या ठराविक विषयांत ४५ टक्के गुणांची अट असली तर मागासवर्गास ४० टक्क्यांची आहे. ह्या पाच गुणांचा केवढा गवगवा! पण आत गेल्यावर प्रश्नपत्रिका एक, उत्तीर्ण होण्याचे गुण एक आणि पदवी एक. दार थोडे रुंद केले म्हणून पायऱ्या कमी झाल्या नाहीत.

विरोधक आपल्यांतही आहेत. त्यांचा आक्षेप प्रामाणिक असतो, म्हणून त्यांस आदराने उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात की, जातीचा दाखला काढणे म्हणजे पुन्हा त्या नरकाचे नाव घेणे. खऱ्या बौद्धाने तो फाडून टाकावा. बंधूंनो, घरावर दरोडा पडला म्हणजे पंचनामा होतो. त्यात काय लुटले गेले, कोणास मार बसला, हे लिहिलेले असते. पंचनाम्यावर नाव आहे म्हणून लुटला गेलेला मनुष्य दरोडेखोरांचा आप्त ठरत नाही. पंचनामा फाडला तर समाधान कोणाला होईल? जातीचा दाखला हा आपला पंचनामा आहे. धर्माच्या रकान्यात आपण कोण आहोत ते लिहितो. जातीच्या रकान्यात आपल्यावर काय लादले गेले ते लिहितो. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही लिहावयाची आहेत. एकाच्या लाजेने दुसरे खोटे करू नका.

आता करावयाचे काय? पहिली गोष्ट, मूल शाळेत असतानाच रजिस्टरातील दोन्ही नोंदी पाहून घ्या. शाळा सुटल्यावर त्या दुरुस्त करणे फार कठीण जाते. दुसरी गोष्ट, आजोबा-पणजोबांचे पुरावे आजच शोधा. १० ऑगस्ट १९५० ह्या दिवशी आपले कुटुंब कोठे राहत होते, हे महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा व बौद्धांचा दाखला मिळविताना दाखवावे लागते. जुना शाळेचा उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, महार वतनाचा कागद, जे मिळेल ते मिळवा. ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले, त्याच वतनाच्या दप्तरात आज नातीच्या पदवीचा पुरावा सापडतो. शत्रूचे दप्तर आपल्या कामी येत असेल तर ते अवश्य वापरावे!

तिसरी गोष्ट, पडताळणीची. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी नुसता दाखला पुरत नाही, त्याची वैधता लागते. आणि २००० सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे जात सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर आहे, सरकारवर नाही. हा अन्याय आहे असे आमचे मत आहे. ज्याच्या पूर्वजांना लिहू दिले नाही, त्याच्याकडेच लेखी पुरावा मागावयाचा! ह्या अन्यायाविरुद्ध अवश्य लढा. परंतु लढा चालू असता मुलाचे वर्ष बुडू देऊ नका. निकालाची वाट न पाहता अकरावीतच पडताळणीचा अर्ज करा. मुदतवाढ कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि तिच्या भरवशावर राहणे हे शहाणपण नव्हे.

चौथी गोष्ट मुलींची. घरात मुलाचे कागद जपून ठेवतात आणि मुलीचे 'लग्नानंतर पाहू' म्हणून सोडून देतात. विवाहानंतरही स्त्रीची जात तिच्या वडिलांच्या कागदांवरूनच सिद्ध होते. तिची पेटी माहेरीच भरून द्या. हुंड्याहून ती किती तरी मोलाची आहे.

आणि शेवटची गोष्ट विहारांची. दर रविवारी वंदना होते, ती व्हावीच. पण वंदनेनंतर एक मेज मांडा. वस्तीतील लिहिता-वाचता तरुण त्यावर बसवा. दहावीपासूनच्या प्रत्येक मुलामुलीची एक धारिका त्याच्याकडे असू द्या. तिच्यात कोणता कागद आहे, कोणता नाही, कोणती मुदत कधी संपते, हे त्याने महिन्यास एकदा घरी जाऊन सांगावे. ह्याला देणगी लागत नाही, मंडप लागत नाही, पाहुणे लागत नाहीत. ज्या विहाराने वर्षभरात दहा मुलांचे प्रवेश वाचविले, त्या विहाराची जयंती साधी झाली तरी चालेल.

धारवाडच्या त्या मुलास सरकारने सांगितले होते की, न्याय तुझ्या बाजूस आहे, पण दार उघडणार नाही. आज घटनेने दार उघडले आहे. आता आपल्या मुलाच्या अर्जावर भीतीने एक शब्द खोटा आणि अभिमानाने दुसरा शब्द चुकीचा लिहून ते दार आपणच लावून घेणार काय? लेखणी आपल्या हाती आहे. धर्म : बौद्ध. जात : जी आपल्यावर लादली गेली ती. हे दोन रकाने निर्भयपणे भरा आणि मुलास पुढे पाठवा.

जय भीम!