काचेवर टकटक करू नका!

मित्रहो, गेल्या वर्षी आपण वर्गणी काढून टीव्ही हॉलमध्ये फिश टँक आणला होता, आठवतंय ना? संध्याकाळी मासे सोडले आणि रात्री अकरापर्यंत सगळं होस्टेल काचेला नाक लावून उभं! कुणी टकटक करतोय, कुणी मोबाईलचा टॉर्च मारतोय. मासे बिचारे कोपऱ्यात दडून बसले. ‘अरे, हे तर खातच नाहीत!’ म्हणत येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमूटभर खाणं टाकून गेला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि आठवड्यात टँक रिकामा. दुकानदाराने आजारी मासे दिले, असं ठरवून आपण मोकळे झालो.

मला ते पटलं नाही. मासे आपणच मारले. मला घरच्या अनुभवामुळे हे कळत होतं, तरी ‘लई शहाणा’ म्हणतील म्हणून मी गप्प बसलो. आता पुन्हा टँक आणायचं घाटतंय, म्हणून आज लिहितोय.

मी औंढा नागनाथचा. आठवीत असताना वडिलांनी नांदेडहून एंजलची जोडी आणली, एसटीने, मांडीवर पिशवी धरून. चार दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. मी रडकुंडीला आलो आणि सारखं खाणं टाकू लागलो. वडिलांनी डबी काढून घेतली, टँकवर जुना टॉवेल टाकला, आत फुटक्या माठाचं खापर ठेवलं आणि म्हणाले, ‘‘उघड्या माळावर आणून सोडल्यासारखं झालंय त्यांना. आडोसा दे, भूक आपोआप लागंल.’’ पाचव्या दिवशी लागली!

यात जादू काही नाही. धडधाकट मोठा मासा काही दिवस सहज उपाशी राहतो. तो उपासाने मरत नाही, आपल्या काळजीने मरतो. न खाल्लेलं खाणं कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो. मासाही कल्ल्यांवाटे अमोनियाच सोडतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतातच. ते रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे जेव्हा पाणी सगळ्यात नाजूक असतं, नेमकं तेव्हाच आपण सगळ्यात जास्त खाणं ओततो.

आणि ती टकटक! आमच्या औंढ्याजवळ लायगो-इंडिया प्रकल्प होणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला सुमारे 2,600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा घेऊन गुरुत्वीय लहरी टिपायच्या, म्हणून जमिनीची थरथर कमी असलेली जागा शोधावी लागली. त्या यंत्राला शांतता हवी, यावर कुणी हसत नाही. माशाच्या अंगावरही दोन्ही बाजूंनी असाच एक सेन्सर असतो, पार्श्वरेषा. पाण्यातली बारीकशी हालचालही तिला कळते. मग काचेवरचं आपलं बोट त्याला कसं वाटत असेल?

तर यावेळी काय करायचं? टँक आधी भरून फिल्टर चालू करावा. कुणाच्या जुन्या, चांगल्या टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर उत्तम. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकावेत. बोअरचं पाणी जड असेल तर निऑन टेट्राचा हट्ट नको. गप्पी त्यात मजेत राहतात. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवावी, मग थोडं थोडं टँकचं पाणी तिच्यात घालावं आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. त्या दिवशी लाइट बंद, खाणंही बंद. दुसऱ्या दिवशी अगदी थोडं द्यावं, आणि पाच मिनिटांत उरलेलं काढून टाकावं. आत खापर आणि झाडं हवीत. थव्यातले मासे सहा तरी आणावेत, एकटा मासा बुजतो. सोबत चार धीट झेब्रा असले तर फारच छान. ते बिनधास्त वर येऊन खातात, ते बघून लाजरेही हळूहळू बाहेर येतात.

राहून राहून मला फर्स्ट इयरची पोरं आठवतात. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, तो हवाच. पण आपण माशांना छळलं कुठे होतं? कौतुकच तर केलं! नव्या पोरालाही आपण कौतुकानेच हॉलच्या मधोमध उभं करतो, ‘गाणं म्हण’ म्हणतो. मग तो मेसला का येत नाही, म्हणून विचारतो. मी स्वतः पहिले तीन दिवस बिस्किटांवर काढले होते. चौथ्या दिवशी रूममेट एवढंच म्हणाला, ‘‘मी चाललोय जेवायला.’’ आणि दाराशी थांबला. मी उठून गेलो.

तेव्हा माझी सूचना अशी. वर्गणीत माझे पैसे आधी घ्या, पण खाण्याची डबी एकाच्याच ताब्यात राहील आणि पहिला आठवडा टँकवर चादर राहील, हे मान्य असेल तरच. नसेल तर टँक आणूच नका. भिंतीवर माशांचं पोस्टर लावा, त्यावर हवी तेवढी टकटक करा!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी