३२ जीबीचा आग्रह

घरासाठी लॅपटॉप घ्यायला दुकानात गेले की विक्रेत्याचे पालुपद ठरलेले असते: "१६ जीबी रॅम तर हवीच, ३२ घेतलीत तर पुढे बघायलाच नको." घरात कामे कोणती, हे मात्र तो विचारत नाही. मुलांचे प्रोजेक्ट, यूट्यूब, वीजबिल, एक्सेलमध्ये सोसायटीचा हिशेब, एवढेच असेल तर ८ जीबीत भागते. विंडोज ११ ची किमान अट कागदोपत्री ४ जीबीच आहे. तेवढ्यावर ती चालत नाही, रांगते, हा भाग वेगळा. ३२ जीबी लागते व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना.

त्यापेक्षा घरच्याच संगणकाला विचारावे. रोजची सगळी कामे एकदम उघडावीत, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबावे आणि टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा पाहावा. साठ-सत्तर टक्क्यांना घाबरू नये; रॅम मोकळी दिसली की ब्राउझरही सैल हाताने खर्च करतो. आकडा नव्वदीपुढे ठाण मांडून बसला आणि एका खिडकीतून दुसरीत जाताना यंत्र अडखळू लागले, तर मात्र रॅम खरोखर अपुरी आहे. रॅममध्ये न मावणारा पसारा विंडोज डिस्कवर नेऊन ठेवते, आणि डिस्क जुनी, फिरती असली की तो परत आणताना तिचा जीव जातो. अशा संगणकाला आधी एसएसडी बसवावी. तो खर्च बहुधा नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ असतो, म्हणूनच की काय, काउंटरवर त्याचा विषय निघत नाही.

एका बाबतीत विक्रेत्याचे ऐकावे. बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तिथे १६ च घ्यावी. खुद्द अॅपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ जीबीवर नेली, तीही किंमत न वाढवता. त्याआधी याच वाढीव ८ जीबीचे भारतात वीस हजार रुपये मोजावे लागत.

रॅम वाढवायला स्लॉट असेल तर "पुढे स्वस्त झाली की वाढवू" हा हिशेब इतकी वर्षे बहुधा जमून जायचा. २०२५ च्या अखेरीस तो फसला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलल्या, भाव भडकले आणि डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. आणि गंमत अशी की लॅपटॉपला 'कोपायलट प्लस पीसी' म्हणवून घ्यायला मायक्रोसॉफ्टने १६ जीबीची अट घातली आहे, तीही एआयसाठीच.